डावीकडून दुसरा लोड

जालना,
मार्गशीर्ष वद्य तृतीया, सोमवार

ती. सौ. आक्कास,

गेल्या मंगळवारी दुपारी काकासाहेब मास्तरांच्या ओसरीवर नंदानं एका मासिकातलं चित्र माझ्यापुढं धरलं आणि मी काडीचाही विचार न करता "आहे की माझ्याकडं" असं म्हणालो, त्या घटकेला तुझ्या धाकट्या भावाचं आयुष्य पालटलं. (नमस्कार राहिलाच. साष्टांग नमस्कार. दाजींनाही सांग. त्यांची कंबर आता कशी आहे? बाळाला दात आले का? आणि ती लाथा मारणारी म्हैस विकली, का दाजी अजून तिची समजूत घालून राह्यलेत? आष्टीला थंडी फार असेल तर बाळाला कानटोपी घालत जा. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे मला सोडून सगळे.)

काकासाहेब म्हणजे माझे शाळेतले चित्रकलेचे मास्तर, मस्तगडावर राहतात, हे तुला ठाऊक आहे. नंदा त्यांची मुलगी, हेही ठाऊक आहे. कॉलेज मधेच सोडून आल्यापासून मी हात सुधारावा म्हणून त्यांच्याकडं जातो यावर तुझा विश्वास नाही, ते मला ठाऊक आहे. (कॉलेज का सोडलं ते पुन्हा लिहीत नाही. वसतिगृहाच्या रेक्टरनं वरणाबद्दल बोलू द्यायला पाहिजे होतं. माझं मत बिलकुल बदललेलं नाही.) पण आक्का, मी खरोखर चित्र काढतो. पावसाळ्यापासून एकच तांब्या काढून राह्यलो आहे. तो ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो आणि तिथून स्वयंपाकघराचं दार बराबर दिसतं, एवढाच त्याचा गुण. मास्तर रोज येऊन बघतात आणि म्हणतात, "धर्मराज, तांब्याला कान कुठून आले?"

तर मास्तरांच्या डोक्यात यंदा असं आलं की अजिंठ्याची लेणी बघायला आगगाडी-मोटार काही नको, जालन्याहून राजूर, भोकरदन करत पायी जायचं, रात्री उघड्यावर मुक्काम करायचा. बरोबर त्यांचे चार-सहा जुने विद्यार्थी, आणि नंदा. (नंदा चालते. गेल्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी गेल्ती, आणि आल्यावर सगळ्यांच्या पायाला तेल तीच चोळत होती.) अट एकच : ज्याचं अंथरूण त्याच्या पाठीवर. दर वर्षी सहलीला लोक गाडीभर गाद्या आणतात याचा मास्तरांना संताप. आणि मंगळवारी नंदानं ते चित्र दाखवलं. बर्फाच्या डोंगरावर चार गोरे साहेब, करंजीत सारण भरावं तसे एकेका पिशवीत गळ्यापर्यंत भरलेले, आणि मजेत हसत होते. नंदा म्हणाली, "किती सोयीचं! अंथरूणही तेच, पांघरूणही तेच. हैदराबादेत तरी मिळत असेल का हो असलं?" तिनं 'हो' म्हटलं, आक्का. 'का रे' नाही, 'का हो'. माझ्या तोंडून वरचं वाक्य गेलं. आतून मास्तरांचा आवाज आला, "आहे? मंग रविवारी दुपारी आण. सगळ्यांची अंथरुणं रविवारी तपासणार आहे मी."

घरी आलो आणि बसलो. घोंगडी होती, पण घोंगडीला कोण पिशवी म्हणेल? आईच्या दोन वाकळा तिन्ही बाजूंनी शिवून बघितल्या, तर ती पिशवी माझ्यापेक्षा जड झाली. पाठीवर घेतल्यावर मी तिच्याखालून दिसेना. तेवढ्यात दारावरून अलीमचाचा पिंजारी चालला होता. त्याला हाक मारली, पिशवीसारखी रजई पाहिजे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "रजई खाटेच्या मापाची असते बेटा. माणसाच्या मापाची पाहिजे तर माप द्यावं लागंल. लेट जाओ." मी ओसरीवर उताणा, हात अंगाशी, डोळे मिटून, सरळ. आत किती कापूस बसतो ते कळावं म्हणून त्यानं वरून पांढरी चादर टाकली, आणि पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत सुतळी धरली. नेमक्या त्या वेळी शेजारच्या चतुराबाई ताक घेऊन आल्या.

ताकाचं भांडं पडलं ते मला ऐकू आलं. पुढचं सगळ्या गल्लीला ऐकू आलं. आई धावत आली, ती न बघताच रडू लागली. गल्ली जमली. मी उठायला लागलो तर चतुराबाईंनी दोन्ही हातांनी खाली दाबलं आणि "पोरगा कसा नुसता झोपल्यासारखा दिसून राह्यलाय!" म्हणून पुन्हा सूर लावला. समोरचा कचरू बांबू आणायला निघालाही होता. (आपलं छप्पर उडालं तेव्हा हाच कचरू एक बांबू द्यायला पंधरा दिवस लावून बसला होता.) अण्णा आडतीवरून अनवाणी पळत आले आणि मी चादर फेकून उठून बसलो. अण्णा मला बघत राहिले, त्यांना धाप लागली होती. मंग म्हणाले, "कॉलेज अर्धवट, मरणं पण अर्धवट!" आणि पुन्हा दुकानात गेले. पण आक्का, संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी जिलबी आणली. कोणासाठी ते सांगितलं नाही, कोनाड्यात ठेवली आणि माळ घेऊन बसले. अलीमचाचानं मात्र सुतळी गुंडाळली. "जित्या माणसाची पिशवी मी शिवत न्हाई बाबा."

राहिला अजमत. माझ्या वर्गात होता तो, आता लढाईतलं लष्करी सामान लिलावात घेऊन विकतो. त्याच्या दुकानात बिनपायांच्या खाटा, बिनकाचेचे कंदील आणि डाव्या पायाचे बूट एवढंच मुबलक आहे. पण पिशवी होती! खाकी, आत पिसं भरलेली, डोक्यावर टोपडं, आणि पायापासून हनुवटीपर्यंत बारीक दातांची पत्र्याची चेन. अजमत म्हणाला, "मियाँ, इसमें घुस जाओ तो हिमालय बी क्या चीज है!" मी विचारलं, चेन चालते ना? तो म्हणाला, "ऐसी चलती है के रुकतीच नै." माझी कॉलेजची शेरवानी त्याला देऊन पिशवी आणली. (आई शेरवानी शोधून राह्यलीय. तू विषय काढू नकोस.)

रविवारी तपासणीची वेळ दुपारची होती, पण तेव्हा बाकीची पोरं येणार, म्हणून मी सकाळीच गेलो. दारात रांगोळी होती. आतून शिऱ्याचा वास येत होता. बैठकीवर पांढरीशुभ्र चादर, भिंतीला लोड लावलेले. नंदा मोरपंखी लुगडं नेसली होती, केसात शेवंती. आक्का, मी तुझ्याशी खोटं बोलत नाही, हे सगळं मी माझ्यासाठी आहे असं समजलो. नंदा म्हणाली, "अहो, आज तुम्ही—" मी म्हणालो, काही बोलू नका, आधी बघा. ती म्हणाली, "पण बाबा वेशीवर—" मी तोवर पिशवीत पाय घातले होते. चेन सरसर वर आली, हनुवटीशी आली, टोपड्याची नाडी मी दातांनी ओढली, आणि चेन बसली ती बसली. वर जाईना, खाली येईना. हात आत. डोळ्यांपुरती फट तेवढी राहिली.

दारात बैलगाडी थांबली. मास्तरांचा आवाज, "या, या पाहुणे, या."

भोकरदनचे पाहुणे नंदाला बघायला आले होते. मी कधी ऐकलंही नव्हतं. (दोन दिवसांपूर्वीच ठरलं म्हणे. मी दोन दिवस चेन ओढायचा सराव करत होतो.) नंदाची आई पुष्पाबाई बाहेर आल्या, त्यांनी जमिनीवर मला बघितलं, दाराकडं बघितलं, आणि मला ढकलत भिंतीशी नेलं. अंगावर लोडाची पांढरी खोळ ओढली (तिच्या उसवलेल्या शिवणीतून मला तेवढं दिसत होतं), या बाजूला एक लोड, त्या बाजूला दोन. लष्करात पाहिजे होत्या त्या बाई.

मुलाचे वडील पुंजाराम पाटील, मुलाची आत्या, आणि मुलगा. मुलगा बैठकीवर आला, सगळे लोड सोडून माझ्यावर रेलला. आक्का, तो हलका नाही. त्याच्या डोक्याचं तेल खोळीतून, टोपड्यातून माझ्या कपाळापर्यंत आलं. मधेच तो म्हणालाही, "लोड लई ऊबदार आहे हो मास्तर." मी श्वास धरून पडलो. नंदा आली. नाव काय, शिवण येतं का, पुरणपोळी येते का, सगळं झालं. मी सगळं सोसलं. कॉलेजात असं सोसलं असतं तर आज बी. ए. असतो. मंग आत्याबाई म्हणाल्या, "पोर चालवून दाखवा."

नंदा चालली. खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"पुन्हा. लुगडं जरा वर धर बाई. पाय सरळ पडतो का फेंगडा ते दिसू दे. बाजारात बैल घेताना बी बघतो आपण, हे तर माणूस."

नंदा उभी राहिली. मान खाली नव्हती तिची, समोर होती, पण हात लुगड्याशी जाऊन तिथंच थांबला. आणि आक्का, लोड बोलला. लोड म्हणाला, "ती राजूरला पायी जाऊन येते! आधी तुमच्या पोराला माझ्यावरून उठून दाखवायला सांगा!"

मुलगा उठला. म्हणजे तो थेट दारातच दिसला, मधे कुठं दिसला नाही. आत्याबाई "भानामती! भानामती!" करत तुळशीपर्यंत पोचल्या. शिऱ्याची बशी पाटलांच्या मांडीवर पालथी, पण पाटील जागचे हलले नाहीत, लोडांकडं टक लावून बघत राहिले. मास्तर तेवढे शांत. त्यांनी विचारलं, "धर्मराज, कुठं आहेस?"

मी म्हणालो, "भिंतीशी, मास्तर. डावीकडून दुसरा."

पाहुणे चहा न घेता गेले. मास्तर ओरडले नाहीत, ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी नीट बघितली, बोटानं दाबून बघितली, आणि म्हणाले, "पसंत न्हाई. ज्यातून माणसाला बाहेर येता येत न्हाई ते अंथरूण प्रवासाच्या कामाचं न्हाई." आणि पाहुण्यांना गाठायला निघून गेले. नंदा मेणबत्ती घेऊन बसली आणि चेनीच्या एकेका दाताला मेण लावू लागली. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. शेवटी चेन सुटल्यावर खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "पिशवीत असलात की बरं बोलता. बाहेर आल्यावर काय होतं?"

मी बाहेर होतो. काहीच बोललो नाही. पिशवी खांद्यावर टाकली आणि घरी आलो.

तर आक्का, पत्र लिहिण्याचं कारण असं की दाजींकडं आष्टीच्या बाजारातली ती काळी घोंगडी आहे, ती पाठवून दे. हलकी आहे, पाण्यात भिजत नाही, आणि तिला दात नाहीत. बाळाला गोड पापा.

तुझा,
धर्मराज

ता. क. घोंगडी राहू दे. खरं सांगायचं तर घोंगडी नकोच आहे. तू आणि दाजी दोघं या. दाजींनी आधी अण्णांशी बोलावं, मंग मास्तरांशी, कारण दाजींना कोणी नाही म्हणत नाही (म्हैस सोडून). मी वाईट नाही, एवढं सांगा. डोकं जरा गरम आहे, ते लग्नानंतर उतरतं असं अण्णांकडं बघून म्हणता येईल. दुकानात बसेन. पहाटे उठेन. वरणाबद्दल कधी बोलणार नाही. पण जल्दी या.

ता. क. दुसरी. आत्ता चतुराबाई आल्त्या. भोकरदनचे पाहुणे गावाला गेलेच नाहीत, नातलगाकडं उतरलेत. पुंजाराम पाटलांनी मास्तरांना सकाळीच निरोप पाठवला : मुलगी पसंत. आत्याबाई नको म्हणत होत्या, पण पाटील म्हणाले, जिच्यासाठी लोड भांडतो ती पोर आपल्याच घरात पाहिजे. आज संध्याकाळी सुपारी फोडायला येणार. मी भांडलो त्यानंच जमलं, आक्का! मास्तरांनी हो-नाही काही कळवलं नाही अजून. नंदा सकाळपासून कोणाशी बोललेली नाही.

ता. क. तिसरी. तुम्ही येऊ नका. हे पत्र आष्टीला पोचून दाजी गाडी जुंपतील तोवर सुपारी फुटून वाटूनही होईल. मीच जातो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, चांगलं लांबलचक होतं, ते सगळं विसरलो. आता एवढंच राहिलंय की मला नंदाशी लग्न करायचं आहे, आणि ते मास्तरांच्या तोंडावर, उभ्यानं म्हणायचं. आधी नंदाला विचारीन. ती नको म्हणाली तर पाहुण्यांना पाणी देऊन परत येईन, शपथ. आई म्हणतेय, जेवून जा. मी म्हणालो, आल्यावर. तिनं माझी टोपी सरळ केली. पत्र जाता जाता डब्यात टाकतो. कागद आपल्या दाराच्या फळीवर धरून लिहितोय, म्हणून अक्षर असं वाकडं. आता कागद काढून घेतो, आणि दार ओढून घेतो.