माझी चक्कर आणि ते चौघं

प्रिय ताई,

माझं अक्षर पाहून भुवया वर गेल्या असतील तर खाली आण. मी ठणठणीत आहे. म्हणजे आता आहे. मागच्या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंती दोनदा फिरल्या, तिसऱ्यांदा मी कपाटाला मिठी मारून उभी राहिले, आणि शेजारीण मला ओढतच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेली.

दोन महिन्यांपूर्वी गेले होते तेव्हा तिथे एकट्या डॉक्टरबाई होत्या. आता चौघं मिळून एक पेशंट बघतात. आधी सिस्टरने निजवून, बसवून, उभं करून तीनदा प्रेशर घेतलं. मी विचारलं, "पहिलं आवडलं नाही का?" ती हसलीसुद्धा नाही. मग पैलवानासारखा एक फिजिओथेरपिस्ट आला. हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठा म्हणाला. चाळीस वर्षं शाळेत पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्या सगळ्यांचे तळतळाट तिथे वसूल झाले बघ! वर माझ्या चपला उलट्या करून म्हणतो, "आजी, यांचे तळ कुठे गेले?" आजी! त्याला तिथल्या तिथे 'बाई' म्हणायला शिकवलं.

खरा कहर केला तो फार्मासिस्ट मुलीने. दुसऱ्या दिवशी घरातली सगळी औषधं घेऊन या म्हणाली. पिशवी टेबलावर ओतली आणि भाजी निवडावी तशी निवडत बसली. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली, तरी त्यांचं खोकल्याचं औषध निघालं. ते तिने हळूच बाजूला ठेवलं. मग दोन पाकिटं माझ्यापुढे धरली. "बाई, नावं वेगळी आहेत, पण गोळी एकच." एक मोठ्या इस्पितळातली, एक याच डॉक्टरबाईंची. मी दोन्ही गजर लावून घेत होते! प्रेशर खाली जाईल नाहीतर काय! तिने लगेच सगळ्यांना बोलावलं. डॉक्टरबाई पाकिटं बघून म्हणाल्या, "आधी काय घेता, हे मी विचारायलाच हवं होतं. चुकलं माझं." तेही चारचौघांत! मी बघतच राहिले. कोणाचं काही बिघडलं नाही. एक गोळी बंद झाली आणि माझ्या भिंती जागेवर आल्या.

निघताना सिस्टरने फॉर्म पुढे घेतला. काही झालं तर कोणाला कळवायचं? मी शेजारणीचं नाव सांगितलं. "नात्यातलं कोणी?" ती पेन धरून थांबली. मी तुझा नंबर सांगितला, वही न बघता. चार वर्षं फिरवला नाही, तरी पाठ होता. आईच्या आजारपणात तू काहीच केलं नाहीस, असं मी सगळ्या नातेवाइकांसमोर बोलले. ते खोटं होतं, ताई. तिला न्हाऊ घालणारी तूच होतीस आणि मला ते माहीत होतं. आता तू अनोळखी नंबर उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. दवाखान्याचा नंबर पाठीमागे लिहिलाय, तो आला तर उचल. आणि त्याआधी माझा आला, तर तोही उचल गं.

तुझीच,
तोंडाळ धाकटी