मचाणावरची दुसरी जागा

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. चार वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल, म्हणून आधीच लिहिते, इकडे कोणी गेलेलं नाही आणि जायच्या बेतातही नाही. तुमची कंबर कशी आहे? थंडीत ती धरते हे मी विसरलेले नाही. गरम पाण्याची पिशवी घेत असाल तर बूच नीट लागलंय ना, ते बघत जा. (मागच्या थंडीत आमच्या पिशवीनं गादीचा कोपरा असा काही भिजवला की वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तुमच्या भावाला त्याचे खुलासे देत बसावं लागलं.) बाकी देवाच्या कृपेनं सगळं जागच्या जागी आहे.

पत्रास कारण की, आम्ही अस्वल बघायला चाललो आहोत.

हसू नका. पिंजऱ्यातलं नाही, खरं, डोंगरातलं, काळं. झालं असं की दोन महिन्यांपूर्वी ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. हे चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले होते आणि दर वेळी चौकटीची माफी मागत होते. बाईंनी तीन दिवे आणि एक लुकलुकणारं यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं की नजर कडेनं बुजत चाललीय. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, नळीतून बघितल्यासारखं. थेंब घातले तर वेग कमी होईल, पण पुढच्या थंडीपर्यंत ती नळी किती अरुंद होईल हे त्यांनाही सांगता येईना. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांतली धूळ काढली, त्याचं हे फळ असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, तसं काही नसतं. (नसेल. मी घरी आल्या आल्या ते भिंग माळ्यावर टाकलं.) दवाखान्याचा जिना उतरताना हे शेवटच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "मला एक अस्वल बघायचंय."

मी म्हटलं, "कुठलं?" जशी काही चार प्रकारची कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

"काळं. जंगलातलं. त्याला मी दिसत नसताना."

वन्सं, अडतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं जेवताना मीठसुद्धा मागून घेतलेलं नाही. समोर ठेवलं तर घेतात, नाही तर आळणी गिळतात. अशा माणसानं एकदम अस्वल मागितलं. मला वाटलं होतं फार तर देवदर्शनाला जाऊ म्हणतील, त्यात माझंही साधलं असतं. पण मागितलं ते मागितलं. त्याच संध्याकाळी मी देवापुढे बसले आणि स्पष्ट सांगितलं, एक अस्वल, काळं, मोकळं, उजेड असताना, आणि ह्यांच्या बरोब्बर समोर. देवाकडे मोघम मागू नये असा माझा अनुभव आहे. (मागे एकदा मी नुसतं 'घरात माणसांचा राबता असू दे' म्हटलं, तर सहा महिने गवंडी होते.)

एकदा देवाच्या कानावर घातल्यावर पुढचं काम आपलं. चौकशी करता कळलं की एक निवृत्त वनरक्षक हा उद्योग करतात. नाव भारदस्त आहे, पण सगळे त्यांना अस्वलवाले म्हणतात. लोखंडी सामानाच्या दुकानाच्या माडीवर त्यांची खोली आहे. खालून खिळे ओतल्याचा आवाज, वर भिंतीवर डोंगराचा नकाशा, कोपऱ्यात शेगडी आणि दारामागे पाच जोड गमबूट, त्यातले दोन डाव्या पायाचेच. माणूस मात्र नेटका. त्यांनी सांगितलं की कडाक्याची थंडी पडायच्या आधी पंधरा दिवस अस्वलं रानफळं खायला एका उतारावर येतात, मग जी बिळात जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी बाहेर. त्या उतारासमोर त्यांचं मचाण आहे. जागा दोनच, तिसरा चढला की फळ्या कुरकुरतात आणि अस्वल त्या दिवसापुरतं पाठ फिरवतं. आम्हाला येत्या महिन्याची अकरा, बारा, तेरा मिळाली. पुढच्या वर्षीचं नाव लिहू का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षीचं आम्हाला उपयोगाचं नाही. त्यांनी ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

त्यांच्याकडे नियमांचा एक कागद असतो. पहिला नियम वासाचा. अस्वलाला म्हणे डोळ्यांपेक्षा नाकानं जास्त दिसतं, म्हणून कपड्यांना, केसांना, सामानाला कसलाही वास नको. आता आमच्या घरात अडतीस वर्षं दोन वेळा उदबत्ती लागते. आमच्या उशा, पडदे, ह्यांचे बनियन, सगळं देवघरासारखं दरवळतं. मी देवाला सांगितलं, महिनाभर उदबत्ती बंद, दिवा चालू, आणि हे तुझ्याच कामासाठी आहे. मग सगळे कपडे तीन-तीनदा उकळले. बिनवासाचा साबण आणायला गेले तर तो वासाच्या साबणापेक्षा महाग! मी दुकानदाराला विचारलं, "जे घातलंच नाही त्याचे पैसे कसले घेता?" तो म्हणाला, "काकू, न घालायला मेहनत लागते." (ह्या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. त्यात काही अर्थ नाही.) ह्यांच्या ट्रंकेतल्या लोकरी कपड्यांना तर डांबराच्या गोळ्यांचा असा वास की अस्वल सोडा, आमच्या गल्लीतलं मांजर दोरीखालून जायचं बंद झालं. ते कपडे आठ दिवस गच्चीवर होते. आता मांजर त्यांच्यावर झोपतं, तेव्हा वास गेला असं मी धरून चालले आहे.

दुसरा नियम, तीन तास गप्प बसायचं, हलायचं नाही. खुणा करायच्या त्या हातानं दाबून. आमच्या बाबतीत ही खूणच मुख्य. कारण अस्वल उजवीकडून आलं तर ह्यांना ते कळणारच नाही. मान वळवून हे शोधेपर्यंत ते फळ खाऊन, तोंड पुसून गेलेलं असेल. म्हणून शेजारी बसणाऱ्यानं ह्यांच्या खांद्यावर दाबून मान नेमकी त्या दिशेला आणायची. उजव्या खांद्यावर एकदा दाबलं की थोडं उजवीकडे, दोनदा दाबलं की बरंच. मानेवर हात ठेवला की थांबा, समोर आहे. ही पद्धत मीच बसवली. मग रोज चार ते सात आम्ही पुढच्या खोलीत पडद्याआड खुर्च्या टाकून सराव सुरू केला. ह्यांनी माळ्यावरून ते भिंग खाली काढलं (मला न विचारता), पुठ्ठ्याच्या नळीत बसवलं आणि झाली दुर्बीण. अस्वलाच्या जागी समोरच्या टाकीवरचा कावळा. पहिल्या दिवशी कावळा उजवीकडे आणि मी डावा खांदा दाबला, कारण मी ह्यांच्या समोरून विचार करत होते, पण चौथ्या दिवसापासून कावळा उडायच्या आत आम्ही त्याला पकडायला लागलो.

ह्यात एक छोटा घोटाळा झाला. त्या टाकीच्या खालीच टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईंची खिडकी आहे. पाचव्या दिवशी त्या तणतणत आमच्या दारात. "तुमचे मालक रोज तीन-तीन तास माझ्याकडे दुर्बीण लावून बसतात, ह्याचा अर्थ काय?"

मी त्यांना शांतपणे समजावलं, "तुमच्याकडे नाही हो बघत. ते अस्वल बघायची सवय करताहेत."

वन्सं, ह्यात मी काय चुकीचं बोलले? बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. "म्हणजे माझ्यावर सवय करताहेत?" एवढं बोलून त्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या खिडकीला जाड पडदा लागला. एका अर्थी बरंच झालं, मध्ये मध्ये लक्ष जाणारी एक गोष्ट कमी झाली. हे मात्र दोन दिवस दुर्बिणीला हात लावेनात. शेवटी मीच त्यांची खुर्ची टाकीकडून वळवून विजेच्या खांबाकडे केली.

मौनाचं म्हणाल तर मला काहीच जड गेलं नाही. मी आठवड्यातून एकदा सकाळी मौन पाळते हे तुम्हाला ठाऊक आहे. तीनही तास मी गप्प असे, अगदी जरुरीपुरतं सोडून. (दाराशी कोण आलंय ते विचारणं, नळ गळतोय तो सांगणं, ह्यांचं बटण तुटलंय ते सांगणं, आणि टायपिंगच्या बाईंकडे इतक्या उशिरा कोण आलं असेल, एवढंच.) हे तर मुळातच न बोलणारे. तीन तासांनी घड्याळाकडे बघून नुसते हसायचे.

परवा अस्वलवाल्यांनी आमची परीक्षा घेतली. मचाणावर नेण्याआधी ते प्रत्येकाला आपल्या खोलीत तासभर गप्प बसवतात. तुमचा भाऊ अव्वल नंबरानं पास झाला. तासभर अशी बैठक की अस्वलवाले म्हणाले, "काका, तुमच्यावर पाखरू बसेल." त्या परीक्षेविषयी आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

एकंदरीत तयारी चोख आहे. सामान बांधलेलं आहे, थेंब घ्यायच्या वेळा कागदावर लिहिल्या आहेत, देवाला तारखा दोनदा सांगून झाल्या आहेत. अस्वल येणार ह्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. प्रकृतीला जपा. कंबरेला शेक घ्या.

तुमची,
भावजय

ता. क. परीक्षेविषयी थोडं लिहिण्यासारखं आहे. अस्वलवाल्यांनी आम्हाला बसवलं आणि शेगडीवर चहाचं दूध ठेवून ते नकाशाकडे तोंड करून उभे राहिले. मी उत्तम बसले होते. अकराव्या मिनिटाला पातेल्याची कड थरथरायला लागली. मी नजर दुसरीकडे नेली. साय वर आली. मी डोळे मिटले, मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. पण डोळे मिटले तरी दुधाचा आवाज येतोच ना! शेवटी "दूध!" एवढंच मी ओरडले. (आणि "शेगडी बंद करा". आणि "बघत काय उभे राहिलात दगडासारखे". आणि फडकं कुठं ठेवता ते विचारलं.) दूध वाचलं, जागा गेली. ते म्हणाले, "बाई, दूध मी मुद्दाम ठेवलं नव्हतं, माझंच विसरायला झालं. पण जंगलात रोज काही ना काही उतू जातं." मी म्हटलं, जंगलात दूध नसतं. पण ते ऐकायला तयार नाहीत. ह्या डोळ्यांनी ह्यांना एकटंही बसवणार नाहीत. पाच तारखेच्या आत गप्प बसणारं माणूस आणा, नाही तर दोन्ही जागा दुसऱ्यांना जातील, हा त्यांचा शेवटचा शब्द. मी बरंच बोलून बघितलं. त्यानं उलट माझी बाजू आणखीच पडली.

ता. क. दुसरा. सगळा गोतावळा मी मनाशी चाळून बघितला. वन्सं, गप्प बसण्यात तुमच्या तोडीचं आपल्यात कोणी नाही. चार वर्षांत आमच्याशी एक अक्षर नाही. दोनदा तर फोन उचलून तुम्ही आम्हाला नुसता श्वास ऐकवलात. हा टोमणा नाही. अस्वलवाल्यांना मी हे जसंच्या तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यांना आणा. त्यांची परीक्षा नको." बिनचष्म्यानं सुई ओवता असंही ऐकते. शिडीला अकरा पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना कठडा आहे, कंबरेला उशी मी देईन. मी खाली विश्रांतीच्या खोलीवर थांबेन, तिथं बोललेलं चालतं. खांदे दाबायची पद्धत वर लिहिलीच आहे, फक्त त्यांच्या मागून विचार करा, समोरून नाही. आणि तुमच्या घरी सगळे जमलेले असताना, तुम्ही विणलेल्या स्वेटरची बाही मी चार माणसांत मोजून दाखवली, ते मी करायला नको होतं. (बाही लांबच होती.) पण नको होतं. त्या दिवसापासून तुम्ही आमच्या घराकडे फिरकला नाहीत, आणि हे कधी काही म्हणाले नाहीत, पण ह्यांनी तो स्वेटर बाही दुमडून रोज घातला आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र ह्यांना माहीत नाही. मला जागा मिळाली नाही एवढंच त्यांना कळलंय. काल म्हणाले, "जाऊ दे, कावळासुद्धा काळाच असतो." तुमचं तिकीट ह्याच पाकिटात आहे. परत करता येत नाही असलं काढलंय, ते स्वस्त पडतं. उत्तर लिहू नका, वाटेत बोलायचं नसेल तर बोलूही नका, नुसत्या या. मात्र मचाणावरून उतरलात की अस्वल कसं आलं, काय खाल्लं, आधी कुठला पाय पुढे टाकला आणि ते बघताना ह्यांचा चेहरा कसा झाला होता, हे सगळं मला पहिल्यापासून सांगायचं. कारण ह्यांना विचारलं तर हे म्हणतील, "होतं. काळं होतं." आणि वन्सं, एवढ्यावर माझं भागायचं नाही.