भुकटी क्रमांक सातचा पांढरा

ता. ४ जानेवारी
मी, सिद्रामप्पा बसलिंगप्पा कलशेट्टी, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, सूत रंगविण्याच्या कारखान्यात अडतीस वर्षे रंगमास्तर, राहणार जुळे सोलापूर, पूर्ण शुद्धीत लिहितो की आज माझ्या नजरेस पुन्हा काम मिळाले.

नात चि. अक्षता विद्यापीठात संशोधन करते. घरातील बल्बात निळ्या दिव्यावर पिवळी भुकटी असते, तीत दुर्मिळ मृदा नावाचे पदार्थ लागतात, ते परदेशातून येतात. अक्षताची भुकटी तांब्याच्या क्षाराची. तिला अर्धवाहक म्हणतात. डोळ्यांस न दिसणारे किरण पाडले की एकटीच पांढरा उजेड देते.

"अज्जा, रंग मोजणारं यंत्र पांढरा म्हणतंय. तुम्ही बघा."

भरदुपारी खिडक्या लावून क्र. ७ पाहिली. निर्णय दिला : पिवळट.

"नक्की?"

"अडतीस वर्षांत मी पास केलेली रंगाची शेड कधी परत आलेली नाही."

ता. ६
अक्षताने क्र. ७ बाजूला ठेवली. प्रमाण बदलून नवी करते आहे. महिनाअखेर तिच्या मार्गदर्शक बाई एकच भुकटी टिकाऊपणाच्या चाचणीस पाठविणार. ती चुकली तर वर्षाचे काम पुन्हा पहिल्यापासून.

सौ. म्हणाली, "पोरीचं यंत्र खोटं आन् तुमी तेवढं खरं, व्हय?"

ता. १२
क्र. ८ व ९ मी पसंत केल्या. यंत्राच्या मते दोन्ही निळसर. बाईंनी विचारले, रंग पारखला कोणी? अक्षताने माझे नाव सांगितले नाही. हे तिने मला कळविलेले नाही. फोनवर बोलताना कानी पडले.

ता. १९
सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली. नरसय्या आला. डाई हाउसमधील, म्हणजे कारखान्याच्या रंगखात्यातील, माझा जुना जोडीदार. ट्रंकेतील सुताच्या जुन्या लड्या काढल्या. शेड दिव्याखाली पाहू नये, दारात नेऊन पाहावी, हा माझा कारखान्यातील नियम. दारात दोन लड्या एकत्र बांधून म्हणालो, या दोन्ही ब्लीच केलेल्या.

नरसय्या हसू लागला. "मास्तर, चेष्टा करताय व्हय? ही तर कोरी हाय की, बिनब्लीचची! दूध आन् साय एक केलासा!"

चेष्टा करीत नव्हतो.

उन्हात धरून पुन्हा पाहिले. दोन्ही सारख्याच. दाराचा उजेड खोटा असू शकत नाही. मग खोटे ते काय उरले...

ता. २०
डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. "आजोबा, किती वर्षं अंगावर काढलंत?" चार. (सौ.ला बाहेर तीन सांगितली. येथे खरे लिहितो.)

सायंकाळी अक्षतास समोर बसवून सांगितले : दोष माझ्या डोळ्यात आहे. तुझी भुकटी निर्दोष असू शकते. तुझे पंधरा दिवस माझ्यामुळे गेले.

तिने वहीतील माझ्या नोंदी पुन्हा चाळल्या. मग, "मोतीबिंदू निळाच उजेड जास्त अडवतो, अज्जा. मला सुचायला हवं होतं."

"यंत्राचे खरे मान. क्र. ७ पाठवून दे."

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. यंत्राखाली बसून कुणी साडी निवडत नाही."

ता. २४
उजवा डोळा झाला. दुखले नाही. भीती वाटली नाही, असे लिहिणार होतो. वाटली.

ता. २५
पट्टी काढली. सौ.चे पातळ निळे आहे. मी ते करडे समजत होतो.

"आता बघा की माझ्याकडं नीट. सुरकुत्या दिसत्यात?"

"दिसतात."

"मग बांधा ती पट्टी परत!"

ता. २९
सकाळी अकरा वाजता खिडक्या लावून क्र. ७ पुन्हा पाहिली. उजव्या डोळ्याने पांढरा. डावा अद्याप व्हायचा आहे, त्याने पिवळट. दोन्ही नोंदी लिहून घे, असे अक्षतास बजावले.

तांबडी लडी आधी दारात पाहिली, मग या उजेडात. तोच तांबडा. बल्बाखाली ती विटकरी दिसते. नंतर कोरी व ब्लीच शेजारी ठेवल्या. नरसय्याने मुद्दाम माझ्या पाठीमागे अदलाबदल केली. ओळखल्या. "मास्तर आलं परत!" म्हणून ओरडला.

"उजेड टिकेल का?" मी विचारले.

"माहीत नाही, अज्जा. दमट हवेत आधीच्या सगळ्या मंदावल्या. ही उद्या पाठवते."

थोडी भुकटी मागे ठेवून दिवा चालूच ठेवला आहे. हे लिहिताना दुपारचे चार वाजले. उजव्या डोळ्यास अजून पांढराच दिसतो. दर तासाला नोंद करण्याचे काम माझ्याकडे.

समक्ष हजर : सौ. महादेवी, पत्नी. नरसय्या, याने सही तेलुगूत केली. चि. अक्षता, हिने सही करण्यापूर्वी दिव्याकडे आणखी एकदा पाहिले.