आडोशाला खजूर

९ जून २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण, मला झाड हवं आहे. उंच, दाट आणि बारमाही हिरवं. फळ आलं तर आनंद, नाही आलं तरी तक्रार नाही. पण त्यातून पलीकडचा अप्पा दिसता कामा नये. तू आयुष्यभर नर्सरी सांभाळलीस, म्हणून तुलाच विचारतो.

मी लेकीकडे गेलो असताना अप्पाने बाबांचा चिकू तोडला, त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही हे तुला माहीतच आहे. चिकूचा बुंधा तेवढा उरला होता आणि त्याला फुटून डोक्याएवढं दाट झुडूप झालं होतं, तो परवा मी माणूस लावून झुडपासकट काढून टाकला, कारण तो बघून रोज नव्याने राग यायचा. आता दोन घरांच्या मधला पट्टा उघडा पडला आहे. सकाळी दात घासायला पडवीत आलो की समोर अप्पा दात घासत असतो. दोघांच्या तोंडात ब्रश असल्यामुळे बोलायचा प्रश्न येत नाही, पण बघणं होतंच. दिवसभर दुकानात लोकांना नीट दिसावं म्हणून चष्मे करायचे आणि घरी आल्यावर आपल्याला दिसू नये म्हणून धडपडायचं, असं माझं चाललं आहे.

बायका बोलतात. साखर इकडे येते, चहापत्ती तिकडे जाते. त्यांना आम्ही काही म्हणत नाही, कारण म्हणून उपयोग नाही.

नारळ सुचवू नकोस. उद्या अप्पाच्या डोक्यात पडला तर तो म्हणेल मुद्दाम लावला. आणि मी विचारल्याचं त्याला कळवू नकोस.

लोभ आहेच, तो अप्पापेक्षा तसूभर जास्त असावा.

तुझा,
छोटू


११ जून २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा सोडून.

धाकट्याने चिकूचा बुंधा उपटला. मला विचारलं नाही. माणसाने सामाईक वस्तू हलवण्याआधी विचारावं अशी माझी समजूत होती. आता त्याच्या पडवीत काय चाललं आहे ते मला इच्छा नसताना कळतं. मी बाहेर आलो की तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो आणि आत जाईपर्यंत पान उलटत नाही. एवढं काय छापून येतं कळत नाही.

मला आडोशाला झाड सुचव. मोजणी खात्यात जन्म गेला, तेव्हा हद्द कुठे आहे ते मला सांगायला नको. हद्दीपासून हातभर आत, माझ्या बाजूला लावीन. बँकेच्या आवारात फुगीर बुंध्याचे पाम बघितले, ते चालतील का? निवडुंगही मनात आला होता. आमच्या हिने नुसतं बघितलं, मग मी तो विचार सोडला.

चिकूबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मुळं टाकीत शिरली होती, दोन्ही घरांचं पाणी गळून चाललं होतं. धाकटा फोन उचलत नव्हता. बाबांचं झाड मी काही हौसेने तोडलं नाही. कुऱ्हाड पडली तेव्हा मी आत जाऊन बसलो होतो. हे त्याला कुणी सांगत नाही, आणि मी तर बोलत नाही.

लोभ करावा, वाटणी करताना माझा वाटा मोजून द्यावा.

तुझा,
अप्पा


२३ जून २०१४

चि. अप्पास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. झाडांचा विचार केला, तो असा.

बँकेतला पाम म्हणजे बाटली पाम. खाली पोट, वर चार झावळ्या. त्याच्यामागे लपणं म्हणजे फुलदाणीमागे लपणं. पिवळा सुपारी पाम दाट होतो, पण तुमच्याकडच्या दुपारच्या उन्हात त्याची टोकं करपतात. डाळिंब दिसायला सुरेख, पण पानं गाळतं, आणि तुला तर बारमाही आडोसा हवा. पेरू लावलास तर पोपट येतील आणि त्यांच्यामागे सगळ्या गल्लीतली पोरं. अंजिराची मुळं पाण्याचा वास काढत जातात. तो विषय आपल्या घरात पुरे झाला. पायरीशी शोभेला चिनी संत्र्याच्या कुंड्या ठेव. इवलीशी नारिंगी फळं वर्षभर लगडतात. खाऊ मात्र नकोस, जीभ सोलून निघते.

आडोशाला खजूर लाव. त्याची मुळं केसासारखी बारीक, टाकीच्या वाटेला जात नाहीत. नर्सरीतून चांगला वाढलेला पाठवते, दोन-तीन वर्षांत फुलेल. खजुरात नर वेगळा आणि मादी वेगळी. तुला मादी पाठवते. फळ हवं असेल तर नराच्या फुलोऱ्यातली पूड आणून माणसाने हाताने मादीवर झटकावी लागते. नर कुठून मिळेल त्याची काळजी तू करू नकोस.

खालच्या झावळ्यांना सुईसारखे काटे असतात. डोळ्यांच्या उंचीवर येतील त्या वेळच्या वेळी कापून टाक.

लोभ सगळ्यांवर सारखाच आहे, मोजायला टेप आणू नकोस.

तुझी,
ताई


२३ जून २०१४

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

हे पत्र अप्पाच्या हाती पडू देऊ नकोस. धाकट्या जाऊबाईंना वाचून दाखवलंस तर हरकत नाही.

तुझ्या नवऱ्याने आणि तुझ्या दिराने, दोघांनीही मला चोरून एकच मागितलं. मी दोघांना एकच पत्र धाडलं आहे. अप्पाला मादी पाठवते असं लिहिलं, छोटूला नर पाठवते असं लिहिलं; बाकी मजकूर तोच. पिवळ्या सुपारी पामाने अगदी झकास आडोसा झाला असता, उन्हाचं मी वाढवून सांगितलं. खजूर मात्र उंच जातो आणि खाली सगळं उघडं पडतं. शिवाय फळ धरायचं म्हटलं की एकाला दुसऱ्याच्या अंगणात पाऊल ठेवावंच लागेल. दोघांनाही खायची आवड आहे, तेवढाच माझा भरवसा.

तुला खरं सांगते. चिकू तोडल्यानंतर मी तिकडे एकदाच आले. तुमच्याकडे झोपले आणि छोटूकडे जेवले. तर एकाने झोप मोजली आणि दुसऱ्याने घास. ज्या घरात मी जन्मले तिथे जायचं तर आधी कुणाची बाजू घ्यायची ते ठरवावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. सत्तरी गाठली, अजून किती खेपा व्हायच्या आहेत? ज्या दिवशी दोघं मिळून मला स्टँडवर घ्यायला येतील त्या दिवशी यायचं, असं ठरवून बसले आहे. तोवर नाही.

हे कारस्थान आहे हे मला समजतं. लोभ असावा, आणि ताकास तूर लागू देऊ नये.

तुझी,
ताई


४ ऑक्टोबर २०१५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खजूर जोमात आहे, पण आडोसा म्हणून त्याचा काडीचा उपयोग नाही. काटेरी झावळ्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आल्या. माझा धंदा बघता मला त्या ठेवणं शोभेना, म्हणून कापल्या. त्याच रविवारी पलीकडे अप्पाने त्याच्या कापल्या. आता आम्ही एकमेकांना पायापासून कपाळापर्यंत दिसतो. झाकले जातात ते फक्त केस, आणि ते दोघांनाही फारसे नाहीत.

एकाच ट्रकातून दोन खजूर कसे उतरले, हे मला अजून उमगलेलं नाही. अप्पाला माझं बघून काही करायची सवय लहानपणापासून आहे.

चिनी संत्री मात्र भरपूर. पिकून गळतात आणि उतारावरून अप्पाच्या बाजूला जातात. तो ती गोळा करून, धुऊन, वाडग्यातून थोरल्या वहिनींच्या हाती परत पाठवतो. एकही खात नाही. माझ्यावरच्या रागाने की आंबट म्हणून, ते समजायला मार्ग नाही.

मध्ये अप्पाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो दवाखान्यात होता तोवर त्याच्या झाडाला पाणी मी घातलं. झाडाशी माझं भांडण नाही. पडवी रिकामी दिसायची. आठ दिवसांत मी एकही वर्तमानपत्र उघडलं नाही.

तू केव्हा येतेस ते कळव. लोभ असावा, तो प्रत्यक्ष येऊन केला तर उत्तम.

तुझा,
छोटू


२६ फेब्रुवारी २०१७

ती. ताईस,
दोघांचा सा. न. वि. वि.

हे पत्र तक्रारीचं आहे. अक्षर छोटूचं आणि मजकूर अप्पाचा. जिथे एकमत झालं नाही तिथे खाडाखोड आहे.

गेल्या आठवड्यात दोन्ही खजूर फुलले. तुझ्या पत्राप्रमाणे छोटूने नराची पूड कागदाच्या पुडीत बांधली. वहिनींच्या हाती पाठवणार होता, पण वहिनींनी ऐनवेळी हात वर केले. म्हणाल्या, त्यांना परागाने शिंका येतात. शेवटी छोटू स्वतः अप्पाच्या अंगणात आला. दुकानातलं भिंग बरोबर आणलं होतं. तो स्टुलावर चढला, अप्पाने स्टूल धरलं. छोटूने फुलोरा जरा हलवला, तर पांढरी पूड त्याच्या चष्म्यावर सांडली. मादीच्या फुलोऱ्यात पूड नसते. त्याने भिंगातून बघितलं आणि हाही नरच आहे असं सांगितलं. गेल्या साडेपाच वर्षांत तो अप्पाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

अप्पा म्हणाला, शक्य नाही, ताई चुकत नाही. छोटू म्हणाला, मग स्वतः चढून बघ. गुडघ्यामुळे ते जमणार नव्हतं. मग झाडांची अदलाबदल झाली असेल या अप्पाच्या शंकेवरून दोघं पलीकडे जाऊन दुसरं झाड बघून आले. तेही नर. मग तुझी दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली. नाव आणि नर-मादी सोडता शब्द न् शब्द तोच आहे. याचाही खुलासा करावा.

अप्पाचं म्हणणं पडलं की दोन नर पाळण्यात अर्थ नाही, त्याचा तो तोडून टाकतो आणि त्या जागी मादी लावू. त्यावर छोटूने सांगितलं की या अंगणात आता एकही झाड तोडायचं नाही. मग अप्पाने टाकीची हकीकत पहिल्यापासून सांगितली आणि छोटूने ती पुरती ऐकली. फोन मुद्दाम उचलला नव्हता, कारण त्या आधी भाड्याने आणलेल्या पाण्याच्या पंपावरून फालतू भांडण झालं होतं, हे छोटूने कबूल केलं. छोटू रडला असं लिही म्हणून अप्पा सांगतो. छोटूच्या डोळ्यात पराग गेला होता. अप्पाच्याही गेला होता.

तरी तू स्वतः येऊन दोन्ही झाडं बघावीस. स्टँडवर दोघंही येऊ, ही बाब एकट्यावर सोपवण्यासारखी नाही. कुणाकडे उतरायचं यावर मात्र एकमत झालेलं नाही.

चूक मान्य केल्यास लोभ पूर्ववत राहील.

तुझे,
अप्पा
छोटू


६ मार्च २०१७

चि. अप्पास आणि छोटूस,
अ. उ. आ.

तक्रार पोचली. खुलासा करते.

नर्सरीत नर आणि मादी अशी दोन जुनी झाडं एकमेकांना खेटून आहेत. दोघांच्या बुंध्याशी पिल्लं फुटतात आणि मधोमध त्यांची सरमिसळ होते. कोणतं पिल्लू कुणाचं ते मी जन्मभर लोकांना छातीठोकपणे सांगत आले, आणि स्वतःच्या घरच्या वेळी फसले. मुद्दाम केलं असं समजू नका. एवढी अक्कल असती तर चिकू तुटला तेव्हाच केलं असतं. एकच पत्र दोघांना धाडलं ते मात्र मुद्दाम, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. नर्सरीतल्या पोरी आता मला हसतात. हसू देत.

एका कागदावर तुमच्या दोघांच्या सह्या बघितल्या आणि मला रडू आलं. माझ्या अंगणात तर खजूर नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. मादी मागाहून ट्रकने येईल. यावेळी तिला फुलोरा धरलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आहे. खड्डा दोघांनी मिळून खणून ठेवा, छोटूने खणावं आणि अप्पाने खुर्चीवर बसून चुका काढाव्यात. मी कुणाकडे उतरायचं ते भांडून ठरवा. पण समोरासमोर भांडा, मला पत्रं लिहू नका.

तुम्हा दोघांची,
ताई