वाचता येते, दिसत नाही

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
सरकारी नेत्र रुग्णालय.

विषय : डोळ्यांतील इंजेक्शने पुन्हा सुरू करण्याबाबत व दृष्टीची तपासणी अक्षरांऐवजी चेहऱ्यावर घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या संगणकाने माझ्याविषयी वर्तवलेले भाकीत, ‘लाभ होण्याची शक्यता नगण्य’.

महोदय,

१. अर्जदार दुकानांच्या पाट्या रंगवतो. म्हणजे रंगवत असे. मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर सूज आल्याने आपल्याकडे इंजेक्शने घेतली व त्यांचा गुण आला. आधी समोरच्याचे तोंड म्हणजे फडक्याने पुसलेली पाटी दिसे. नंतर बायकोच्या कपाळावरची आठी दिसू लागली. ती माझ्यामुळेच होती, तरी आनंद झाला.

२. तथापि, पुढच्या इंजेक्शनांचा कितपत उपयोग होईल हे आपला नवा संगणक आधीच सांगतो. त्यासाठी इंजेक्शनांपूर्वी आणि नंतर रुग्णाने तक्त्यावरची किती अक्षरे वाचली, हे तो ताडून पाहतो. मी पूर्वीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती, नंतरही वाचली. सबब सुधारणा शून्य धरून इंजेक्शने बंद करण्यात आली.

३. येथे नम्रपणे निदर्शनास आणतो की, पहिल्या खेपेस ती अक्षरे मला दिसलीच नव्हती. उभा जन्म अक्षरे काढण्यात गेला. काना कुठे, पोट किती फुगलेले, एवढा डाग कळला की उरलेले अक्षर आपोआप पुरे होते. तंत्रज्ञबाई वाचा म्हणाल्या, मी वाचले. यात लबाडी नव्हती, हाताची सवय तोंडात आली इतकेच.

४. हे खिडकीवरील कारकुनांना सांगितले असता ते म्हणाले, “आजोबा, लोक दिसत नाही म्हणून रडतात, तुम्ही वाचता येतं म्हणून रडताय!” तरीही त्यांनी फेरतपासणी मिळवून दिली, त्याबद्दल आभारी आहे. निघताना सुनेने बजावले, “बाबा, चार-पाच अक्षरं चुकवा हं.” मी मान डोलावली. परंतु आजवर माझ्याकडून एकही चुकीचे अक्षर बाहेर पडलेले नाही. खुर्चीत बसलो आणि सगळी बरोबर वाचून आलो. शेरा मिळाला, ‘दृष्टी उत्तम’.

५. हा अर्जही माझ्याच हातचा आहे. कृपया तो माझ्याविरुद्ध पुरावा धरू नये.

६. आता बायकोचा चेहरा पुन्हा पुसला गेला आहे. तिचे एक वेळ निभेल, जन्मभर पाहिलेला चेहरा आवाजावरून लावून घेतो. डॉक्टर म्हणतात, सूज फार काळ राहिली की गेलेले परत येत नाही. पुढची तपासणी वर्षाने आहे. मला फारशी आशा उरलेली नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.

७. तरी अर्ज करण्यास कारण की, इंजेक्शने बंद झाल्यानंतर मला नात झाली. ती मांडीवर बसून माझ्याकडे टक लावून बघते, असे घरचे सांगतात. माझ्यावर गेली आहे, असेही म्हणतात. जे एकदाही पाहिलेले नाही ते अंदाजाने पुरे करता येत नाही, साहेब. तेव्हा मला तक्त्यासमोर न बसवता तिच्यासमोर बसवावे आणि मी काय सांगतो ते संगणकास कळवावे. मी नापास होईन, याची हमी देतो.

नकार द्यायचा झाल्यास तो बारीक अक्षरात दिला तरी चालेल.

आपला नम्र,
पाट्या रंगवणारा

सोबत :
१) पडद्याचा ताजा फोटो, सुजेसह.
२) चाचणीकरिता नातीचा फोटो. तो तिचाच असल्याची खात्री सुनेने केली आहे.