हजेरीच्या वहीतला भोपळा

मंगळवार, संध्याकाळ

आधी आली ती खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीतली पोरगी, तिचा साहेब मागून. आमच्या पोळी-केंद्रातल्या बायकांचे पगार आता कंप्युटर करणार, म्हणून नात मुक्ता सॉफ्टवेअर निवडत होती. मला कोण कौतुक! हजेरीची वही मीच मिरवत आणली. लिहिता येत नव्हतं तेव्हापासून त्यात नावांऐवजी चित्रं काढते. शांताची नथ. सुशी जाड, म्हणून भोपळा.

पोरीने विचारलं, "आजी, या भोपळ्याचं पूर्ण नाव?"

मला आडनावच आठवेना. मागे चहा घेऊन सुशी उभी. म्हणाली, "भोपळाच लिहा, ताई. बारा वर्षं तेच चाललंय."

सगळे हसले, सुशी नाही. भोपळा कशाला काढला मी? पोळपाट काढला असता तर?

उद्या तिलाच नाव विचारून माझ्या हाताने लिहीन. ती मंडळी गुरुवारी परत येतो म्हणालीत.