घोळाण्यावरचं कारळ

अक्का,

हकीमसाहेबांना आणायला मी पहिल्या गाडीनं गुलबर्ग्याला जायलोय. सांजेपर्यंत येतो.

अप्पांचे पाय पुन्हा सुजलेले बघून काल तू औषधाला बोल लावलास. चूक औषधाची न्हाई, माझी हाय.

हकीमांनी मीठ तोडल्यापासून अप्पा तुझा कच्च्या पाल्याचा घोळाणा नुसता चिवडायचे. मेथी, मुळा, कांद्याची पात, समदं ताटात तसंच ऱ्हायचं. मला बघवंना. तू पाण्याला गेलीस की मी त्यावर कारळाची चटणी भुरभुरायचो, वरून करडीचं तेल. त्या चटणीत मीठ किती हाय ते मला ठावं व्हतं. अप्पा ताट पुसून खायचे, आन् तू शेजारच्या सुभद्राबाईला सांगायचीस, माझ्या हातचंच गोड लागायलंय त्यांना. तुझं हसू बघून माझं तोंड उघडंना.

चटणीचा डबा जवारीच्या रांजणामागं हाय. तेवढा रिकामा कर. आज जवस आन् शेंगदाणे खमंग भाज, लसूण घालून बिनमिठाचं कूट कर. घोळाण्यावर ते भुरभुर, लिंबू पिळ, आन् जिऱ्याची चरचरीत फोडणी दे. भाकरी हाय तशीच बिनमिठाची ऱ्हाऊ दे.

तरीबी अप्पा ताट सरकवतील. वच्छीच्या हाताची चव गेली म्हणतील. तू रडू नको. तुझा हात हाय तसाच हाय, अक्का. मीठ तेवढं माझं व्हतं.

हरिबा